चांगुणेची भिंत

देवदरा स्टेशनात शिरलात की तिकीटखिडकीच्या वर रंगीत फरश्यांची ही भिंत दिसते. हिरवे मोर, पिवळी कमळं. गेल्या साली शहरातून कारागीर आले, त्यांनी आठ महिने राबून ती दुरुस्त केली. मी इथे एकतीस वर्षं पॉइंट्समन होतो, रुळांचे सांधे बदलायचो. माझ्या आज्याकडून ऐकलं ते सांगतो.

संस्थानची गाडी नुकतीच सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. लिंबाजी कुंभाराने ही भिंत मढवली. फरश्यांची झिलई त्याची बायको चांगुणा करायची. मोरपंखी हिरवा तिच्याशिवाय कुणाला साधत नसे, असं सांगतात. कामावर ओव्हरसियर होते दामोदरपंत आगटे. उद्घाटनाचा दिवस तोंडावर आला आणि त्यांना परांची हलवायची घाई झाली. लिंबाजी वरून म्हणाला, "पंत, चुना ओला आहे. उद्यापर्यंत थांबा."

"उतरतोस की टेकू काढू?" पंत म्हणाले. आणि त्यांनी खरोखरच टेकू ओढला.

चांगुणा भाकरी घेऊन स्टेशनच्या दारातच उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत नवरा पडला आणि तिथेच गेला. लिंबाजी दारू प्यायला होता, असं पंतांनी लिहून दिलं. ती कचेरीत गेली, तर तिची साक्ष कुणी कागदावरही घेतली नाही. तेव्हा तिने शपथ घेतली म्हणे, की मी जे पाहिलं ते सगळ्या मुलखाला दाखवीन, तोवर डोक्याला तेल नाही आणि पायात वहाण नाही.

सात वर्षं गेली. एका पावसाळ्यात भिंत पाझरली आणि मधल्या चाळीस फरश्या गळून पडल्या. महाराज पाहुण्यांना घेऊन येणार होते. पंतांनी चार गावचे कारागीर आणले, पण हिरवा जमेना. शेवटी त्यांनी चांगुणेकडे माणूस धाडला. तिने निरोप दिला, "साहेबांनी स्वतः यावं."

पंत आले, अंगणात उभे राहिले. ती भट्टीपुढून उठली नाही.

"करीन," ती म्हणाली. "पण काम पडद्याआड होईल. महाराजांच्या आधी कुणी बघायचं नाही. आणि परांचीजवळ तुम्ही फिरकायचं नाही."

पंतांना दुसरा इलाज नव्हता. दोन महिने ती अनवाणी येऊन फरश्या बसवत राहिली.

महाराजांनी पडदा ओढला. मोर होते, कमळं होती, आणि त्यांच्या मधोमध एक परांची. तिच्यावरून माणूस कोसळत होता. खाली लाल पगडीचा गृहस्थ दोन्ही हातांनी टेकू ओढत होता. पंतांच्या गालावरचा मससुद्धा तिने सोडला नव्हता. महाराजांनी चित्राकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या पंतांकडे.

"हा कोण?"

"त्यांनाच विचारा, सरकार," चांगुणा म्हणाली.

त्याच दिवशी पंतांची पगडी उतरली, नोकरी गेली. गाव सोडण्याआधी ते हातोडा आणि शिडी घेऊन आले. तीन घाव घातले आणि तिन्ही वेळा दांडा मोडला, फरशीला चरा गेला नाही, असं म्हणतात. चांगुणा बाकावर बसून शांतपणे बघत होती. ते थकून खाली बसले तेव्हा ती उठली. भट्टीची काजळी तिने पदरात आणली होती. पंत बघत असताना त्याच शिडीवर चढून तिने ती चित्रातल्या पंतांच्या तोंडाला फासली आणि घरी गेली.

आजही पंचक्रोशीतला गवंडी परांचीवर चढण्याआधी इथे येतो, शिडी लावतो आणि त्या तोंडाला काजळीचं बोट लावतो. शहरातून आलेल्या कारागिरांतल्या एक बाई रोज ती फरशी घासून लख्ख करायच्या, सकाळी ती पुन्हा काळी असायची. एकदा चिडून त्यांनी मला कारण विचारलं. मी हेच सगळं सांगितलं. त्या तशाच चहावाल्याकडे गेल्या, शेगडीतला विझलेला कोळसा मागून घेतला आणि शिडी लावायला सांगितली.