साहेब उठेपर्यंत

"साहेब उठल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. का, ते विचारायचं नाही." शलाका सूतगिरणीच्या ऑफिसात रुजू झाली, त्याच दिवशी हेडक्लार्क हिंगमिरेकाकांनी तिला बजावलं होतं.

शलाका टेबलावर गजराचं घड्याळ ठेवायची आणि गजर होईपर्यंत मान वर करायची नाही. साडेपाचला, ऑफिस सुटायचा गजर होई तोवर, तिचं काम हातावेगळं झालेलं असे. बाकीचे मात्र साहेबांच्या केबिनकडे डोळे लावून त्याच फायली उघडत नि मिटत बसत.

एके दिवशी साडेपाचला तिने पर्स उचलली, तेवढ्यात खर्डेकर साहेब बाहेर आले.

"निघालात, बाईसाहेब? तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे, आणि ती करणारा मी आहे. ही वडीलधारी माणसं बसलीत, ती काय वेडी आहेत?"

"त्यांनाच विचारते. काका, काम संपलं तरी तुम्ही का थांबता?"

"अगं पोरी, साहेब बसलेत ना!"

"आणि साहेब, तुम्ही?"

"स्टाफ बसलेला असताना मी घरी जाऊ? यांच्यावर नजर कोण ठेवणार?"

"म्हणजे काका तुमच्यासाठी थांबलेत आणि तुम्ही काकांसाठी. मग गिरणीच्या कामासाठी कोण थांबलंय, तेवढं सांगा. त्याच्यासोबत मीही थांबते."

साहेबांनी काकांकडे पाहिलं, काकांनी साहेबांकडे.

"कुणीच नाही ना? मग मी थांबणार नाही. आज नाही, उद्याही नाही. माझी नोकरी कायम करायची की नाही, ते तुम्ही दोघं निवांत बसून ठरवा."

आणि ती जिना उतरून गेली.