कावळेपंतोजींची परीक्षा

पक्ष्यांनाही शाळा सक्तीची होती, त्या काळची ही गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर कावळेपंतोजी सुगरणींच्या पिल्लांना घरटं विणायला शिकवत. त्यांचं स्वतःचं घरटं म्हणजे चार काटक्या आणि एक गंजलेली तार, पण तो विषय वर्गात कधी निघत नसे.

पंतोजींचा नियम एकच होता. पोरं विणत असताना बघायचं नाही, घरटं पुरं झालं की त्यावर बसून उड्या मारायच्या. दरवर्षी घरटी टपाटप विहिरीत पडत. "नापास," पंतोजी समाधानाने म्हणत आणि पोरं ढ आहेत असं रानभर सांगत.

एकदा पिवळ्या नावाच्या पिल्लाचं घरटं अर्धं झालं असताना म्हातारी सुगरण आली, घरट्याला लोंबकळली आणि तिने एक हिसका दिला. "वरची गाठ सैल आहे रे. तेवढी सोडून पुन्हा बांध, मग पुढचं विण."

पिवळ्या निमूट गाठ सोडायला लागला. पंतोजींचं डोकं फिरलं. "बाई, परीक्षेआधीच चूक सांगता? मग मी नापास कोणाला करू?"

"मग कधी सांगू, पंतोजी? आत अंडी घातल्यावर?"

पोरं खिदळली. पंतोजी फणकारत घरी गेले, पण अंड्यांचं ते बोलणं काही डोक्यातून जाईना. म्हणून उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या घरट्यात नीट वाकून पाहिलं.

त्यांच्याच घासांवर गुबगुबीत झालेलं थोरलं पिल्लू वर बघून म्हणालं, "कुहू."