वाळुंजाचे तीन फोक

एका राज्यात दोरीला नि खिळ्याला कोणी विचारत नसे. छपरे, होड्या, पाळणे, सारे वाळुंजाच्या झाडाच्या लवचिक फोकांनी, म्हणजे बारीक फांद्यांनी, बांधले जाई. फोक तोडावा, उन्हाळाभर वाळवावा, मग भिजवून पीळ द्यावा, अशी तिथली रीत. या कामात शेवंतीचा हात धरणारे कोणी नव्हते. धाकटी बहीण केतकी फोकाचे टोक धरी, शेवंती पीळ देई.

धूम्रकेश जादूगार पकडला गेला, तेव्हा त्याला बांधायला राजाने शेवंतीलाच नदीकाठी बोलावले. एका फोकाने पाय बांधले, दुसऱ्याने हात. मंत्र म्हणणाऱ्या तोंडासाठी तिसरा उरला नव्हता. केतकी म्हणाली, वाळलेला घरी आहे, घेऊन येते. पण सारा दरबार बघत होता आणि शेवंतीच्या डोक्यात वारे शिरले होते. तिने तिथलाच हिरवा फोक तोडून बांधला आणि ती मेजवानीला गेली. केतकी मात्र काळजीने त्याच्यापाशी बसून राहिली.

हिरवा फोक सुकला, बारीक झाला, सैल पडला. धूम्रकेशाने एकच मंत्र म्हटला. केतकी जागच्या जागी वाळुंज झाली आणि राज्यातले बांधलेले सारे सुटू लागले. पाळण्यांतून तान्ही पोरे खाली पडली. धूम्रकेशही सुटून डोंगरावर जाऊन बसला.

शेवंती धावत परत आली, तेव्हा त्या वाळुंजावर बसलेली एक साळुंकी बोलली, “शेवंती, याच झाडाच्या तीन फोकांनी तो बांधला जाईल. पण प्रत्येक फोक तुझ्या बहिणीचे एक बोट आहे.”

“दुसरा उपाय?”

“नाही.”

शेवंतीने तीन फोक कापले. दर वेळी झाड मुळापासून थरथरले. राजाचे निरोपांवर निरोप आले, तरी तिने फोक उन्हाळाभर वाळवले, मग भिजवले आणि ती डोंगर चढली. निजलेल्या धूम्रकेशावर फोक टाकताच त्यांनी आपणहून वळून त्याचे पाय बांधले, हात बांधले, तोंड बांधले. तो दगड झाला. छपरे पुन्हा बसली, पाळणे झुलू लागले, राजाने गावोगाव साखर वाटली.

शेवंती नदीकाठी धावली. केतकी पुन्हा माणूस होऊन, उजवा हात पदराखाली घेऊन उभी होती. शेवंतीने तो हात बाहेर काढला. तीन बोटे नव्हती. एका घाईपायी आपण काय करून बसलो, असे म्हणत तिने तो हात कपाळाला लावला.

“ताई, मला काही दुखले नाही हो,” केतकी म्हणाली.

झाड थरथरताना शेवंतीने पाहिले होते. तरी तिने मान डोलावली. बहिणीला खोटे ठरवण्याचा अधिकार आता तिला उरला नव्हता.