हौसाची गाढवं आणि महाराजांची गाडी

महाराजांची गाडी तिसऱ्यांदा घसरली!

सोनकड्याच्या राजवाड्याची चढण उभी, फरसबंद, आणि मधल्या वळणावर बारा महिने झऱ्याचं पाणी पाझरणारं. त्या ओल्या फरशीपर्यंत गाडी ऐटीत यायची, पुढची दोन चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, आणि मग गाडी महाराजांसकट सावकाश खाली मैदानात येऊन थांबायची. गाडी मात्र नवी कोरी! बाहेरून जीपसारखी रुबाबदार, आतून थेट दिवाणखाना, आणि अंगाने इतकी बेताची की वाड्याच्या जुन्या दरवाजातून आरामात आत जावी.

वरून मेहुणे ओरडले, "दाजीसाहेब, येताय ना? चहा निवतोय!"

मेहुण्यांची गाडीही तशीच, तेवढीच. फरक एवढाच, की तिची मागची चाकं जोर लावत आणि महाराजांच्या गाडीची पुढची. घेताना महाराज म्हणाले होते, "राजा पुढे असतो, तर जोरही पुढेच हवा!" शिवाय आत पायांपाशी जागा ऐसपैस आणि सपाट, पानाचा डबा ठेवायला सोयीची. आता मेहुण्यांची गाडी वर होती आणि महाराज पानाच्या डब्यासह खाली.

दुसरी गाडी घ्यावी? छे! धैर्यसिंह महाराजांच्या घराण्याला माघार ठाऊकच नव्हती. इतकी, की त्यांच्या गाडीला रिव्हर्स टाकायलासुद्धा सक्त मनाई होती! वळायला जागा नसली, की ड्रायव्हर बाबालाल बिचारा पुढच्या गावाला वळसा घालून येई.

मग दोष द्यायचा कुणाला? तेवढ्यात चढणीवरून चार रिकामी गाढवं तुरुतुरु उतरत आली. मागे हौसा, कुंभाराची पोर. वरच्या बाजारात मडकी पोचवून ती परत निघाली होती.

"हीच ती!" महाराज कडाडले. "ह्या गाढवांच्या खुरांनीच फरशी गुळगुळीत झालीय. उद्यापासून चढणीवर एकही गाढव दिसता कामा नये!"

भट्टी खाली, बाजार वर. गाढवं बंद म्हणजे घरातली चूल बंद. ती मनातून फार घाबरली, पण जीभ काही गप्प बसेना.

"सरकार, त्याच फरशीवरनं गाढवं रोज चढत्यात. घसरती ती गाडी. मग चूक गाढवांची कशी?"

"अस्सं! मग तूच चढवून दाखव आमची गाडी. कुणी ढकलायचं नाही, दोर लावायचा नाही, फरशीवर वाळू टाकायची नाही. आम्ही स्वतः आत बसणार, लबाडी नको! चढली, तर मागशील ते देऊ. नाही चढली, तर तुझी गाढवं संस्थानाबाहेर!"

हौसाने गाडीभोवती एक फेरी मारली. खाली वाकून चाकं बघितली.

"बाबालालभाई, ही कुठल्या पायांनी जोर लावती?"

"पुढच्या."

"आन् मेहुण्यांची?"

"मागच्या."

हौसा खुदकन हसली आणि बाबालालच्या कानाशी लागली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं पोरी, नोकरी जाईल माझी!"

"तुमची नोकरी आन् माझी गाढवं. गेली तर बरोबरच जातील. चला!"

महाराज मागच्या सीटवर बसले. पानाचा डबा पायांशी नीट लावून घेतला. गाडीने मैदानात अर्धी गिरकी घेतली आणि थांबली. तोंड गावाकडे, पाठ चढणीकडे.

"अरे, वाडा तिकडे आहे!" महाराज म्हणेपर्यंत बाबालालने मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं आणि संस्थानाच्या इतिहासात पहिल्यांदाच रिव्हर्स टाकला.

गाडी पाठमोरी चढू लागली!

"थांबव! आम्ही मागे चाललोय! थांबव म्हणतो ना!"

हौसा खिडकीशेजारून पळत होती. "थांबू नका, सरकार! थांबलात तर घसराल, आन् वरनं मेहुणे बघत्यात!"

मेहुण्यांचं नाव निघताच महाराजांनी पानाचा डबा घट्ट धरला आणि मान ताठ केली. ओली फरशी आली. चाकं एकदा करकरली, आणि गाडी सरळ वर! थेट वाड्याच्या दारात! बाजारातल्या लोकांनी टाळ्या पिटल्या.

मेहुण्यांच्या हातातली कपबशी हातातच राहिली. "अगं, पण चढली कशी?"

"चढाला ओझं मागं कलतं," हौसा धापा टाकत म्हणाली. "म्हणून माझं गाढव मागच्या पायांवर जोर देतं, तुमची गाडीबी तसंच करती. सरकारांच्या गाडीचा जोर पुढच्या पायांत. ते वर राहिले की हलके पडत्यात आन् नुसते नाचत्यात. मग जोराचे पायच खाली घेतले. ओझं त्यांच्यावर आलं, झालं!"

महाराज उतरले. मिशा थरथरत होत्या.

"गाडी चढली खरी. पण तू आम्हांला मागे नेलंस! आमच्या सात पिढ्यांत कुणी मागे गेलेलं नाही!"

बाबालालने डोक्यावरची नोकरीची टोपी काढून हातात घेतली. देऊन टाकायची वेळ आलीच, असं त्याला वाटलं.

"मागं कुठं, सरकार?" हौसा म्हणाली. "मघाशी तोंड वाड्याकडं करून तीनदा खाली गेलात, त्याला मागं जाणं म्हणत्यात! आत्ता तर तुम्ही वाड्यावर आलात."

महाराजांनी मिशीला पीळ दिला. ओठ घट्ट दाबले. पण हसू काही आवरेना, आणि ते पोट धरून गदगदा हसू लागले.

"माग! काय हवं ते माग!"

"चढणीवर पहिला मान माझ्या गाढवांचा. गाढवं पुढं, गाडी त्यांच्या मागनं."

"काय!" मेहुणे उसळले. "दाजीसाहेबांनी गाढवांच्या मागून यायचं?"

"त्यात काय हो? सरकारांचं तोंड तर खाली रयतेकडं असणार. त्यांना गाढवं दिसणारच न्हाईत!"

आता महाराज इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्यांनी हौसाच्या हातात ठेवला, आणि मेहुण्यांच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"दिला मान! आणि मेहुणेसाहेब, तुमची गाडी तोंड वर करून चढते ना? मग ती गाढवं तुम्ही बघा!"