काळखडपाचं पहिलं पान

“...पण बाबा, या बेटावर पहिला कोण आला?”

वासुदेव मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

काळखडप बेटाचा इतिहास लिहिण्यात त्यांची बारा वर्षं गेली होती. बेटाची लांबी त्यांनी दोरीने मोजली होती. खडकाखडकाचं नाव टिपलं होतं. कोणत्या राजवटीत तोफ कुठे होती, तेही लिहून झालं होतं. कोरं होतं ते फक्त पहिलं पान. त्या एका नावावाचून पुस्तक छापायला द्यायचं नाही, असा त्यांचा हट्ट.

बेटावरच्या दर्ग्याचे म्हातारे मुजावर हसनबाबा माडाच्या रोपाला आळं करत होते. बेट म्हणजे निव्वळ काळा कातळ. खाडीपलीकडून येणारा प्रत्येकजण टोपलीभर तांबडी माती आणतो, तिच्यावरच इथले माड उभे.

“नाव ठाऊक आहे मला,” बाबा म्हणाले. “तुमची टोपली कुठाय?”

“मी वह्या आणतो, बाबा. मी काही इथला नव्हे. मी नुसता लिहिणारा.”

“म्हणजे बारा वर्षं रिकाम्या हातांनी?”

“रिकाम्या? सात वह्या भरल्यात!”

“मग माड सातव्या वहीत लावू?”

मास्तरांनी कोऱ्या पानाची वही उघडीच खाली ठेवली.

बाबांनी मास्तरांच्या काढून ठेवलेल्या वहाणा उचलल्या आणि आळ्यावर एकमेकींवर आपटल्या. खाडीपलीकडच्या वाटेचा वाळलेला चिखल खाली पडला. बाबांनी वर तांब्याभर पाणी ओतलं.

“आता तुमची माती तेवढी वेचून घ्या. मग सांगतो नाव.”

मास्तर खरोखरच बसले. बोटं आळ्यात घातली.

“ही माझी.”

“ती धाकू तांडेलाची. गेल्या साली वारला बिचारा.”

“मग ही?”

“ही... असेल कुणाची तरी.”

मास्तर चिमूट चिमूट उचलून पाहत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. बाबाही हसले. दोघं बराच वेळ तसेच आळ्याकाठी बसून होते.

ओहोटी लागली. होडीवाल्याने हाक मारली, तसे मास्तर लगबगीने उठले, वही उचलली. कोऱ्या पानावर ओल्या बोटांचे तांबडे ठसे उमटले.

“अरेरे! पान डागाळलं, बाबा.”

बाबांनी वही घेतली, डोळ्यांपासून लांब धरून पाहिली.

“डागाळलं कुठं, मास्तर... भरलं.”