न पोचलेला निरोप

एका जंगलाच्या कडेला, ओढा जिथे वळण घेतो तिथे, एक ससा राहत असे. मुलांनो, हा ससा आळशी नव्हता आणि लबाडही नव्हता. ओढ्याकाठच्या काळ्या मातीत त्याचे चिमुकले वावर होते. त्यात तो दरवर्षी हरभरा पेरायचा आणि त्यावरच त्याचे वर्ष निघायचे. बांधाच्या पलीकडे तेवढेच वावर एका चिचुंदरीचे होते. तिच्या नवऱ्याला पावसाळ्यात घुबडाने उचलून नेले होते. घरात चार पिल्ले, त्यातले धाकटे जन्मापासूनच अशक्त. चिचुंदरी एकटीच खपायची. तिची नजर अधू होती, म्हणून ती नाक जमिनीला लावून, एकेक रोप हुंगत हुंगत निंदणी करायची. ससा अधूनमधून तिला हात द्यायचा. ती त्याला 'भाऊजी' म्हणायची, तो तिला 'वहिनी'.

जंगलात काही महत्त्वाचे सांगायचे असले की सगळे प्राणी मोठ्या वडाखाली जमत. चिचुंदरी मात्र तिथे जात नसे. पूर्वी एकदा गेली होती. तेव्हा साळुंकीने तोंड फिरवले, खारीने शेपटी नाकावर घेतली, आणि सांबराने अगदी अदबीने विचारले, "बाई, जरा तिकडे वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसता का?" चिचुंदरीच्या अंगाला उग्र वास येतो, त्याला ती बिचारी काय करणार? ती मुकाट्याने उठली आणि घरी आली. त्यानंतर ती कधी गेली नाही, आणि ती येत नाही हे कुणाच्या ध्यानातही राहिले नाही.

फाल्गुनातल्या एका दुपारी घार वडावर येऊन बसली. तिला धाप लागली होती.

"तीन डोंगर ओलांडून आलेय मी," ती म्हणाली. "तिकडे आवळ्याएवढ्या गारा पडल्या. उभं पीक आडवं झालं. वारा आता इकडे वळलाय. परवा दिवस मावळायच्या आत इथे गारा येणार. घाटे हिरवे असले तरी उपटा आणि आडोशाला न्या. हिरवा दाणा सुकवता येतो, चिखलात गेलेला वेचता येत नाही. आणि हो, जे आज आले नाहीत त्यांना शेजाऱ्यांनी सांगा."

"सांगतो, सांगतो," सगळे म्हणाले. सशानेही मान हलवली. चिचुंदरीचा शेजारी दुसरा होता तरी कोण?

घरी जायची वाट चिचुंदरीच्या बिळावरूनच होती. ससा झपाझपा निघाला. पण बिळाजवळ येताच त्याची नजर पलीकडच्या टेकाडाकडे गेली. टेकाडाच्या पोटात एक कपार होती. दोन्ही वावरांच्या आसपास आडोसा म्हणावा असा तेवढाच. 'दोघांचं पीक एवढ्याशा जागेत कसं मावणार?' त्याच्या मनात आले. 'आधी माझं आत टाकतो, मग सांगतो. अजून दोन दिवस आहेत की!' तो बिळाला वळसा घालून पुढे गेला आणि आपल्या वावरात शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो हरभरा उपटत होता. मुळे तुटल्याचा कटकट आवाज ऐकून चिचुंदरी बांधापाशी आली.

"भाऊजी, एवढ्यात काढायला लागलात? माझे घाटे तर अजून दाताखाली मऊ लागतात. मी म्हणत होते, अजून आठ दिवस ठेवावं. तुम्हाला एवढी घाई कसली?"

सशाच्या हातात पेंढी होती. चार शब्दांचे काम होते. पण सांगितले की ती पिल्ले घेऊन कपारीकडे धावणार, हात द्यायला बोलावणार, आणि आपले निम्मे पीक बाहेरच राहणार, असे त्याला वाटले.

"काही नाही, वहिनी," तो खाली बघत म्हणाला. "आपलं लवकर काढलेलं बरं. मोकळा होतो."

"बरं बरं. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं," असे म्हणून ती परत निंदायला वळली.

दिवसभर सशाला ते बोल टोचत राहिले. तो स्वतःचीच समजूत घालत होता. 'साळुंकी दिवसभर बडबडत फिरते. तिने सांगितलं असेलच. ऐकूनही हिने मनावर घेतलं नसेल, त्याला मी काय करू?' अशी समजूत घालत घालत त्याने संध्याकाळपर्यंत निम्मे वावर मोकळे केले.

तिसऱ्या दिवशी शेवटची पेंढी कपारीत टाकून ससा बाहेर आला, तेव्हा आभाळ तांब्याच्या भांड्यासारखे दिसत होते. वारा एकाएकी थांबला. ससा जीव खाऊन धावत सुटला.

"वहिनी! उपटा! हाताला लागेल तेवढं उपटा! गारा येताहेत!"

"गारा?" चिचुंदरीने नाक वर केले. "कोण म्हणालं?"

सशाने उत्तर देण्याआधीच पहिली गार त्या दोघांच्या मधोमध येऊन आपटली. मग पुढचे बोलणे ऐकू येईना. कसेबसे पिल्लांना बिळात ढकलून दोघेही दाराशी अंग चोरून बसले. फार वेळ नाही, चूल पेटून भात शिजावा तेवढाच वेळ गारा पडल्या. थांबल्या तेव्हा वावर पांढरेशुभ्र झाले होते आणि हवेत चेचलेल्या हरभऱ्याचा आंबट वास भरून राहिला होता.

चिचुंदरी बाहेर आली. तिला लांबचे दिसत नव्हते, म्हणून ती प्रत्येक रोपापाशी गेली. एकेक घाटा हुंगून पाहिला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिने एकही रोप सोडले नाही. मग ती सशाजवळ आली.

"भाऊजी, तुम्हाला कधी कळलं हे?"

"परवा," ससा पुटपुटला. "वडाखाली घारीने सांगितलं."

"मी काल विचारलं होतं तुम्हाला."

तिचा आवाज चढला नव्हता. ती ओरडली असती, भांडली असती, तर सशाला सोसले असते.

तिला थोडा हरभरा आणून द्यावा म्हणून तो कपारीत शिरला. पेंढ्या ओढता ओढता तो पहिल्यांदाच अगदी आत गेला आणि तिथेच थबकला. कपार टेकाडात पुष्कळ खोल गेली होती. आणखी एका वावराचे पीक तिथे सहज मावले असते. इतक्या वर्षांत त्याने कधी तोंडापलीकडे वाकून पाहिले नव्हते; पेंढ्याही तोंडाशीच रचल्या होत्या.

त्याने आपला निम्मा हरभरा चिचुंदरीला दिला. तिने आढेवेढे घेतले नाहीत. "नको म्हणायची माझी ऐपत नाही," ती म्हणाली. "पिल्लांसाठी घेते." पण हिरवा दाणा सुकून बारीक झाला होता, आणि एका वावरात दोन घरे किती दिवस निघणार? चैत्र सरेपर्यंत दोघांचेही साठे तळाला गेले. वैशाखात चिचुंदरीचे धाकटे पिल्लू उठेनासे झाले. ससा ओढ्याकाठी पाला शोधत हिंडला, मिळाला तो घेऊन आला. पिल्लाने तो चघळून खाली टाकला. दोन दिवसांनी सशाने बांधाच्या कडेला एक लहानसा खड्डा खणला.

त्यानंतर चिचुंदरीने वावर सोडायचे ठरवले. "माणसांच्या वस्तीत जाते," ती म्हणाली. "मोरीच्या कडेला खरकटं सापडतं म्हणतात."

"तिथे मांजरं असतात, वहिनी. माणसं केरसुणी घेऊन मागे लागतात."

"लागू देत. इथे राहून उरलेली तीन कशी जगवू?"

ती निघाली. मोठ्या पिल्लाने आईच्या शेपटीचे मूळ तोंडात धरले, दुसऱ्याने मोठ्याचे, तिसऱ्याने दुसऱ्याचे. अशी ती रांग उन्हातून चालू लागली. ससा मागोमाग गेला. जंगल संपून पायवाट लागली, तेव्हा त्याच्याने राहवले नाही.

"वहिनी, मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"हो," चिचुंदरी म्हणाली.

ती थोडी पुढे गेली, आणि थांबून तिने मान मागे वळवली. "भाऊजी, तुम्ही इथूनच परत फिरा. पुढे बाभळीपाशी कुत्री बसतात, सशावर टपलेली. सकाळी होला पक्षी सांगून गेला मला."

एवढे सांगून ती पिल्लांना घेऊन चालू लागली. ससा पायवाटेच्या तोंडाशी उभा राहिला. धुळीत ती रांग दिसेनाशी झाली, तरी तो तिथून हलला नाही.

तात्पर्य : आपल्याला कळलेली हिताची गोष्ट शेजाऱ्याला वेळेवर सांगावी. आपले सगळे आवरून झाल्यावर सांगितलेला निरोप कुणाच्या कामी येत नाही.