भरायचा राहिलेला खुळखुळा

“आत काय घालता तुम्ही?” मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मेहताबशा बाबा शिंदीची पानं एकाखालून एक ओवत राहिले.

“खडे? ज्वारी? चिंचोके?... सांगा ना. मी काही दुकान टाकणार नाही त्याचं.”

बाबा ओवतच होते.

हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. गावाबाहेर दर्गा आहे, त्याच्या पायरीशी माझं फुलांचं आणि रेवड्यांचं पाल. शेजारी चिंचेखाली बाबांची बसायची जागा. तिथं बसून ते पानांचे खुळखुळे विणतात आणि गुरुवारी जी लेकरं येतील त्यांच्या हातात एकेक देतात. बावीस वर्षं मी हे बघतेय. पण त्या तीन गुरुवारांत काय झालं म्हणून विचाराल, तर जसं बघितलं तसं सांगेन. मला कळलं असं मात्र म्हणणार नाही.

मास्तर म्हणजे विश्वंभर कातळे, तालुक्याच्या शाळेत शास्त्र शिकवणारे. बायको नर्स. तिची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मास्तरांनी स्वतः रजा टाकली आणि लेकीला सांभाळायला घरी बसले. लेकीचं नाव रेवती, सगळे रेऊ म्हणतात. दहा महिन्यांची.

माणूस हुशार, त्यात वाद नाही. लेकराच्या हाताला, डोळ्याला, कानाला काय काय द्यावं, याचे घरच्या घरी करायचे खेळ त्यांनी शोधून काढले होते. दर शनिवारी सहा-सात बाया त्यांच्याकडे ते शिकायला यायच्या. माझ्या पोरांना मी वाटी-चमचा देऊन बसवलं होतं, तेव्हा मला हे नवलच.

आदल्या गुरुवारी रेऊची आजी तिला दर्ग्याला घेऊन आली होती. बाबांनी दिलेला खुळखुळा घेऊन लेकरू अर्धा तास हसलं. जाताना तो एसटीत राहिला, पण आजीनं घरी कौतुक सांगितलं आणि मास्तरांच्या पोटात दुखलं. म्हणून हे येणं.

“तुझ्याकडं काय आहे ते दाखव,” बाबा एकदाचे म्हणाले.

मास्तरांनी पिशवी उघडली. बाटल्या निघाल्या. एकीत तेल, पाणी आणि टिकल्या, दुसरीत राजगिरा, झाकणं मेणानं पक्की बंद केलेली. मग एक पुठ्ठा, त्यावर मखमल, तरट आणि खणाचा तुकडा शेजारी शेजारी चिकटवलेला. मग एक डबा, त्यात भिजवलेला साबुदाणा, बिटाच्या रसानं गुलाबी केलेला. आणि शेवटी एक वही.

बाबांनी डब्यात मनगटापर्यंत हात घातला.

मूठ आवळली. साबुदाणा बोटांमधून भुळ्ळकन बाहेर आला. बाबा हसले. पुन्हा आवळली, पुन्हा हसले. दाढीला चार दाणे लागले, त्यांना पत्ता नव्हता.

“हा स्पर्शाचा खेळ,” मास्तर म्हणाले. त्यांचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडं होतं. “बाळ साधारण सात मिनिटं रमायला पाहिजे.”

बाबांचं हसू थांबलं. “माझी किती झाली?”

“काय किती?”

“मिनिटं.”

“दोन.”

“हं...” बाबांनी हात बाहेर काढला. “कौसा, पाणी दे गं.”

मी तांब्या दिला. त्यांनी हात धुतला, दाढी पुसली आणि पुन्हा पानं घेतली.

“का थांबलात?” मास्तरांनी विचारलं.

“तुला काय कमी आहे ते सांग.”

मास्तर मखमलीचा पुठ्ठा उलटा-सुलटा करत बसले. मग अगदी हळू बोलले. पण माझे कान शाबूत आहेत.

“ती माझ्याकडं बघत नाही, बाबा. आईकडं झेपावते. आजीकडं जाते. दूधवाला दारात आला तरी हात पसरते. मी ताट घेऊन समोर बसलो की मान फिरवते. आधी ताट बघून फिरवायची. आता नुसतं मला बघून फिरवते. दिवसभर घरात आम्ही दोघंच असतो हो.” ते थांबले. “एवढ्याशा लेकराला बापाचा कंटाळा येतो का?”

मला वाईट वाटलं. गुंफत होते तो हार तसाच हातात राहिला.

बाबांनी शेवटचं पान आत खोचलं आणि खुळखुळा मास्तरांपुढं धरला. मास्तरांनी हलवला. कानाशी नेऊन हलवला.

“यात काही नाही.”

“भरायचा राहिलाय.”

“काय भरायचं?”

“ते तू बघ.”

मास्तर निघाले तेव्हा मीच त्यांना पालाशी थांबवलं. म्हटलं, “मनावर घेऊ नका. बाबांनी ऐंशी कधीच ओलांडली. खडे घालायचे विसरले असतील, आणि आता कबूल करायचं नाही.” मला खरंच तसं वाटत होतं.

दुसऱ्या गुरुवारी मास्तर एकटेच आले. आल्या आल्या वही उघडली.

“शुक्रवारी राजगिरा भरला. मान फिरवली. शनिवारी मूग. रविवारी मोहरी. सोमवारी घुंगरं. मंगळवारी तुमच्या या चिंचेखालचेच खडे, मुद्दाम माणूस पाठवून आणवले. काल सगळं एकत्र.”

“मग?”

“रडली.” त्यांनी वही मिटली. “शनिवारीही रडली. शिकायला आलेल्या बायांसमोर. मी त्यांना काय सांगत होतो आणि ही काय करत होती. एक बाई म्हणाली, मास्तर, मी घेऊ का तिला? घेतली, आणि ही गप्प.”

त्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता.

“आणि तुला काय वाटलं?” बाबांनी विचारलं.

“कशाचं?”

“मूग वाजले तेव्हा.”

“मला काय वाटायचंय? आत काय आहे ते मला माहीतच होतं.”

“अरेरे...” बाबा म्हणाले. माणूस मेल्याचं कळल्यावर म्हणतात तसं.

मास्तर माझ्याकडं बघायला लागले. मी फुलांवर पाणी शिंपडायला घेतलं.

“पुढच्या गुरुवारी तिला घेऊन ये,” बाबा म्हणाले. “वही नको.”

“आत काय घालून आणू?”

“घातलंय ते काढून आण.”

“रिकामा? मग ती खेळणार कशाशी?”

बाबांनी डोळे मिटले. ते ध्यानात गेले की त्यांना डुलकी लागली, हे मला बावीस वर्षांत ओळखता आलेलं नाही. मास्तर वही काखेत मारून गेले.

तिसऱ्या गुरुवारी रेऊ आली. गोरी नाही, सावळी, गोल डोक्याची, कानांत बारीक बाळ्या. मास्तरांच्या खांद्यावर होती, पण तोंड त्यांच्या पाठीकडं. मला बघून हसली, लोबानाच्या धुराकडं बघून हसली, दर्ग्याच्या हिरव्या चादरीकडं हात केले. बापाकडं एकदाही बघितलं नाही. ऐकलं होतं तेव्हा वाटलं होतं की बापाचा जीव, जास्तीचं सांगत असेल. तसं नव्हतं.

बाबांनी तिला समोर घोंगडीवर बसवलं आणि रिकामा करून आणलेला तो खुळखुळा हातात दिला.

रेऊनं हलवला.

काही नाही.

तिनं खुळखुळ्याकडं बघितलं. जोरात हलवला. घोंगडीवर आपटला. मग मान वर करून बाबांकडं बघितलं.

बाबांनी दोन्ही हात पसरले. आपल्याला काय माहीत, असा चेहरा केला.

तिनं माझ्याकडं बघितलं. माझं तोंड उघडंच राहिलं.

मग कुणी उरलं नाही म्हणून असेल, तिनं मास्तरांकडं बघितलं.

“बाबा,” मास्तर घाईनं म्हणाले, “हलवलं की आवाज येतो हे तिला आता कळतं. या वयात ते कळायला लागतं. तिची अपेक्षा होती, ती...”

“मला कशाला सांगतोस? विचारतेय ती.”

“तिला काय सांगू?”

“विचारतेय ते.”

“मला माहीत नाही ना,” मास्तर म्हणाले. “यात काही नाही, आणि काही नसलेल्याचं काय करतात ते मला माहीत नाही.”

“मग तेवढंच सांग.”

रेऊ अजून बघत होती. भुवया आक्रसलेल्या, खालचा ओठ पुढं. रडणार असं मला वाटलं. मास्तरांनाही वाटलं असणार. ते घाबरून घोंगडीवर गुडघे टेकून बसले, मग कोपरं टेकली, तोंड तिच्या तोंडासमोर आलं.

“मला नाही गं माहीत,” ते म्हणाले.

तिनं खुळखुळा त्यांच्यापुढं केला.

त्यांनी हलवला. कानाशी नेला. दुसऱ्या कानाशी नेला. आतापर्यंत मी त्यांचा चेहरा बघितला होता तो समजावून सांगणारा. आता तिच्यासारख्याच त्यांच्याही भुवया आक्रसल्या.

“कुठं गेला गं आवाज?”

रेऊनं त्यांच्या कानात बघितलं. अगदी वाकून, एक डोळा जवळ नेऊन. तिथं नव्हता. मग त्यांच्या नाकाकडं बघितलं. मग बोट घालून त्यांचा खालचा ओठ ओढला आणि आत बघितलं.

काय झालं कुणास ठाऊक, मास्तरांच्या तोंडातून आवाज आला. जीभ टाळूला लावून, बारीकसा. खुळ्ळ... खुळ्ळ.

रेऊ दचकली. हात मागं घेतला.

तिनं खुळखुळा उचलला. थोडं थांबली. हलवला.

मास्तरांनी आवाज काढला.

ती थांबली, तेही थांबले. तिनं जोरात हलवला, त्यांनी जोरात काढला. हळू हलवला, हळू काढला. एकदा त्यांना खोकला आला आणि आवाज चुकला. तिनं खुळखुळा त्यांच्या नाकावर हाणला.

आणि हसली. पोट धरून हसावं तसं, सगळं अंग हलवत. हसता हसता मागं पडली, तर मास्तरांनी डोक्याखाली हात दिला. तिनं तो हात झिडकारला नाही.

लोबान विझला, कुणी पेटवला नाही. दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती, मी त्यांना फुलं द्यायची विसरले. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी पुसलं नाही. दोन्ही हात गुंतले होते.

किती वेळ गेला ते सांगता यायचं नाही. त्यांनीही घड्याळ बघितलं नाही.

पण मास्तर शेवटी मास्तरच. निघायच्या वेळी रेऊला कडेवर घेतली, चार पावलं गेले आणि परत फिरले. बाबांपुढं उभे राहिले.

“बाबा, हे काय झालं ते मला कळलं नाही.”

बाबा नवीन पानं भिजवत होते.

“खरं सांगा. तुम्ही भरायचा विसरला होता का मुद्दाम रिकामा ठेवला? मी सहा दिवस काय काय घातलं, तर रडली. आज काहीच नव्हतं. मग शनिवारी त्या बाया येतील, त्यांना मी काय सांगू? काय साहित्य आणायला सांगू? भरायचा राहिलाय म्हणालात, पण काय भरायचं ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.”

मला वाटलं, बरं झालं विचारलं. मलाही तेच हवं होतं.

बाबा उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. मास्तरांच्या जवळ गेले. मास्तर त्यांच्याकडं बघत होते, उत्तर येणार म्हणून.

कडेवर रेऊ खुळखुळा हलवत होती. एकदा हलवला. पुन्हा हलवला. बापाच्या मिटलेल्या तोंडाकडं बघून तिसऱ्यांदा हलवला.

बाबांनी तिच्या हातातल्या खुळखुळ्याला कान लावला. बराच वेळ तसेच वाकून राहिले.

“बघ,” ते म्हणाले, “पुन्हा बंद पडला.”